पिंजऱ्यातून उडालेला पोपट घरी परत का येत नाही?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज हमखास येतो. "आमचा मिठू आज सकाळी गॅलरीतून उडालाय. नावाने हाक मारली की शिट्टी वाजवतो. कुणाला दिसला तर प्लीज कळवा." खाली फोटो आणि हात जोडलेले दोन इमोजी. मग कुणीतरी धीर देतं, "येईल हो संध्याकाळपर्यंत, भूक लागली की." आणि दुसरं कुणी लिहितं, "जाऊ द्या ना, मोकळा झाला बिचारा."

दोघांचाही हेतू चांगला असतो, पण दोघांचंही म्हणणं बहुतेक वेळा चुकतं. संध्याकाळ होते, मिठू येत नाही. आणि तो मोकळा होऊन रानात मजेत राहतोय, असंही सहसा घडत नाही.

पिंजऱ्यातून उडालेला पक्षी पळून गेलेला नसतो, तो हरवलेला असतो. हा फरक नीट कळला तर तो सापडण्याची शक्यता बरीच वाढते. पण यातलेच काही हरवलेले पक्षी एकत्र आले आणि त्यांनी लंडन, ब्रुसेल्ससारखी शहरं व्यापून टाकली, हेही तितकंच खरं आहे. मग एकाच पिंजऱ्याच्या दारातून दोन इतके वेगळे शेवट कसे होतात?

पक्षी उडतो तरी कसा?

बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. दाणापाणी बदलताना दार उघडं राहतं. पक्षी घरात मोकळा असताना कुणीतरी बेल वाजवतं आणि दार उघडलं जातं. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली असते. नाहीतर "हा काय, खांद्यावरच बसतो, कुठे जात नाही" असं म्हणत पक्ष्याला खांद्यावर घेऊन गच्चीत नेलेलं असतं.

आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या तारेच्या पिंजऱ्यांना बऱ्याचदा वर सरकणारी दारं असतात. बजी, लव्हबर्ड, कॉकाटील या पक्ष्यांची चोच म्हणजे त्यांचा तिसरा हात. ते दार चोचीने उचलतात, डोकं आत घालतात आणि निसटतात. दाण्याच्या वाटीसाठी असलेली छोटी खिडकीही त्यांना पुरते. आधी एकाने ही युक्ती शोधली की त्याचं बघून दुसराही शिकतो.

कॉकाटील, म्हणजे दुकानात ज्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात तो तुरेवाला पक्षी, रात्री अचानक बिथरतो. अंधारात गाडीच्या दिव्याचा झोत, फटाक्याचा आवाज, भिंतीवरची पाल, एवढंसं कारणही पुरतं. अशा वेळी तो पिंजऱ्यात वेड्यासारखा आपटत राहतो. पिंजऱ्याचं दार सैल असेल आणि खिडकी उघडी असेल तर सकाळी पिंजरा रिकामा दिसतो.

दुसरा मोठा गैरसमज पंखांबद्दल असतो. "पंख कापलेत, उडणार नाही" असं म्हणणारे अनेक जण नंतर डोक्याला हात लावून बसतात. कापलेली पिसं कायम तशीच राहत नाहीत. पक्षी पिसं झडवतो, त्या जागी नवी येतात आणि काही महिन्यांत त्याला पुन्हा उडता येतं. हे हळूहळू होत असल्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय अर्धवट कापलेल्या पंखांचा पक्षीही चौथ्या मजल्यावरून वारा मिळाला की बराच लांब तरंगत जातो. तेव्हा त्याची अवस्था आणखी वाईट होते, कारण तो खाली उतरतो पण पुन्हा वर झाडावर जाऊ शकत नाही.

थोडक्यात, बऱ्याचदा पक्ष्याने 'आता स्वातंत्र्य घ्यायचं' असं ठरवलेलं नसतं. तो दचकतो किंवा कुतूहलाने बाहेर येतो, आणि पंख आपोआप हलतात.

मग परत का येत नाही?

इथे बहुतेकांना कबुतर आठवतं. कबुतर शेकडो किलोमीटर लांब सोडलं तरी घरी येतं, मग पोपट समोरच्या बिल्डिंगवरून का येत नाही?

कारण कबुतराची ती खासियत आहे. माणसाने पिढ्यानपिढ्या घरी परतणारीच कबुतरं निवडून वाढवली. सूर्याची दिशा, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, वास, ओळखीच्या खुणा अशा अनेक गोष्टींचा आधार घेत ते वाट शोधतात. शिवाय त्यांना लहानपणापासून घराभोवती उडवून परिसराची सवय लावलेली असते.

घरातल्या बजीने किंवा पोपटाने त्याचं घर बाहेरून कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्या लेखी घर म्हणजे पिंजरा, टीव्हीचा आवाज, स्वयंपाकघराचा वास आणि चार माणसं. बाहेरून बघितलं तर त्याला दिसतात एकसारख्या शेकडो खिडक्या. त्यातली आपली कोणती, हे त्याला कळायला काही मार्गच नसतो.

दुसरी अडचण उतरण्याची. उडत वर जाणं पक्ष्याला तसं सोपं. पण उंच झाडाच्या शेंड्यावरून खाली बघत, वेग सांभाळत, नेमक्या जागी उतरणं हे शिकावं लागणारं कौशल्य आहे. रानातली पिल्लं हे आईवडिलांच्या मागे उडत शिकतात. ज्याची सगळी उड्डाणं हॉलच्या पडद्यापासून फ्रिजपर्यंत झालीत, त्याला हे येत नाही. म्हणून मालक झाडाखाली उभा राहून हाका मारत असतो, पक्षी वरून ओरडत असतो, आणि तरी खाली येत नाही. लोकांना वाटतं तो मुद्दाम येत नाही. प्रत्यक्षात त्याला येताच येत नसतं.

तिसरी गोष्ट भीतीची. पोपटवर्गातले पक्षी रानात इतरांची शिकार होणारे. धोका वाटला की गप्प बसायचं, हलायचं नाही, हे त्यांच्या रक्तात असतं. त्यामुळे घरात दिवसभर कलकल करणारा पक्षी बाहेर पडल्यावर तासन्‌तास तोंडातून आवाज काढत नाही. हिरव्या पानांत हिरवा पक्षी गप्प बसला तर दहा फुटांवरूनही दिसत नाही. अनेकदा घरचे लांब गल्लीबोळ शोधत फिरतात आणि पक्षी समोरच्या आंब्यावर बसलेला असतो.

पहिल्या दिवसात काय होतं?

पहिला सामना बहुधा कावळ्यांशी होतो. रंगीत, अनोळखी, बावचळलेला पक्षी दिसला की कावळे त्याच्या मागे लागतात. त्या धावपळीत तो आणखी लांब जातो आणि दमतो. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी आपल्या शहरांमध्येही असतो, आणि दमलेला बजी म्हणजे त्याच्यासाठी सोपी शिकार. खाली उतरला तर मांजरं असतात. जानेवारीत पतंगांचे दिवस असतील तर झाडांवर अडकलेला मांजा असतो. काचेच्या इमारतींचं तर काही विचारूच नका, पक्ष्याला काच दिसत नाही, काचेतलं आकाश दिसतं.

दुसरा प्रश्न खाण्याचा. आपल्याकडे लोक ज्याला चुकून 'लव्हबर्ड' म्हणतात तो बहुतेक वेळा बजी असतो, म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला बजरीगार. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. पण दुकानातल्या बजीने ऑस्ट्रेलियाही पाहिलेलं नसतं. त्याच्या अनेक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. दाणा वाटीत असतो, एवढंच त्याला माहीत. गवताच्या तुऱ्यातलं बी सोलून खायचं असतं, पाणी डबक्यात शोधायचं असतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. काही पक्षी चिमण्यांच्या मागे लागून तग धरतात. पण एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा फार कमी असतो. एक-दोन दिवस नीट खाणं मिळालं नाही तर उडायची ताकदही उरत नाही.

म्हणून "भूक लागली की येईल" यात अर्धंच सत्य आहे. भूक लागली की पक्षी खाली येतो, हे बरोबर. पण तो घरी येत नाही. माणसांची सवय असल्यामुळे तो कुणाच्या तरी खिडकीत, हातगाडीवर, नाहीतर अनोळखी माणसाच्या खांद्यावर येतो. त्याचं पुढे काय होणार हे त्या माणसावर अवलंबून असतं.

पक्षी उडाला तर काय करायचं?

सगळ्यात आधी, त्याच्यावरून नजर काढायची नाही. शक्य असेल तर एकाने तो कुठल्या दिशेला, किती उंचीवर, किती दमून गेला हे बघत राहायचं आणि दुसऱ्याने पिंजरा आणायला पळायचं. घाबरलेला पक्षी बऱ्याचदा पहिल्या दमात जिथपर्यंत उडवेल तिथपर्यंत उडतो आणि मग एका जागी थांबतो. ती जागा दिसली तर अर्धं काम झालं.

त्याच्या जोडीदाराचा पिंजरा बाहेर आणून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. पोपटवर्गातले पक्षी थव्यात राहणारे, एकमेकांना सतत हाका मारणारे. जोडीदाराची हाक ऐकून गप्प बसलेला पक्षीही उत्तर देतो आणि कुठे आहे ते कळतं. मात्र या दुसऱ्या पिंजऱ्याचं दार नीट बांधलेलं हवं, नाहीतर एकाचे दोन व्हायचे. जोडीदार नसेल तर घरातलेच ओळखीचे आवाज कामाला येतात. रोजची शिट्टी, रोजची हाक, त्याच्या आवाजाचं मोबाइलमधलं जुनं रेकॉर्डिंग.

रिकामा पिंजरा दार उघडं ठेवून गच्चीत किंवा गॅलरीत, वरून दिसेल अशा जागी ठेवावा. आत त्याचं आवडतं खाणं असावं, राळ्याचं कणीस, पेरू, मिरची, जे असेल ते. कावळ्या-मांजरांवर लक्ष ठेवायला जवळ कुणीतरी बसलेलं हवं.

उंच झाडावरच्या पक्ष्याला खालून बोलावण्यापेक्षा त्याच्या उंचीवर जाणं बरं. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून, त्याच मजल्याच्या गॅलरीतून हात पुढे केला तर त्याला सरळ उडत येता येतं. झाड हलवणं, दगड मारणं, काठीने ढोसणं, गर्दी जमवणं, यातल्या कशानेही तो खाली येत नाही, पुढच्या झाडावर जातो.

अंधार पडू लागला की पक्षी शक्यतो जागा सोडत नाही. तेव्हा ती जागा लक्षात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिथे हजर राहायचं. पहाटे पक्षी बोलायला लागतात, भुकेलेले असतात, रस्त्यावर आवाज कमी असतो. हरवलेला पक्षी सापडण्याची ही सगळ्यात चांगली वेळ.

ग्रुपवर मेसेज टाकताना फोटो, वेळ, परिसर आणि उडाल्याची दिशा लिहावी. पण एखादी खूण राखून ठेवावी, उदाहरणार्थ पायातल्या कडीवरचा नंबर, नखाचा रंग किंवा तो बोलतो तो शब्द. कुणी "सापडलाय, आधी पैसे पाठवा" म्हणालं तर तीच खूण विचारता येते.

पत्ता सांगणारा पक्षी

खुणेवरून जपानमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१२ साली सागामिहारा शहरात एक बजी घरातून उडाला आणि एका हॉटेलात पाहुण्याच्या खांद्यावर जाऊन बसला. त्याला पोलिसांकडे नेलं. पहिले दोन दिवस तो काही बोलला नाही. मग त्याने तोंड उघडलं आणि शहराचं, विभागाचं नाव, घराचा क्रमांक असा अख्खा पत्ता म्हणून दाखवला. पोलिसांनी त्याला घरी पोचवलं. त्याच्या मालकिणीचा आधीचा पक्षी असाच उडाला होता आणि परत मिळाला नव्हता. म्हणून तिने या पक्ष्याला पत्ता पाठ करून घेतला होता.

त्याआधी २००८ मध्येही जपानच्याच नागारेयामा शहरात एका आफ्रिकन ग्रे पोपटाने असंच केलं होतं. पोलिसांसमोर तो गप्प राहिला, पण पशुवैद्याकडे नेल्यावर त्याने आपलं नाव आणि पत्ता सांगितला.

प्रत्येक पक्षी बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला हे जमणार नाही. पण पायातली कडी, मोठ्या पक्ष्यांना पशुवैद्याकडून बसवलेली मायक्रोचिप, मोबाइलमध्ये दोन्ही बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो, हे सगळं तेच काम करतं. पक्षी सापडला आणि तो कुणाचा हे सिद्धच करता आलं नाही, असं तरी होत नाही.

मग लंडनमध्ये पोपट पोचले कसे?

उडालेल्या पक्ष्यांचं बाहेर टिकणं इतकं कठीण असेल, तर लंडनच्या बागांमध्ये हजारो पोपट काय करतायत? रिचमंड, किंग्स्टन या भागांत संध्याकाळी झाडांवर जी कलकल चालते, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला घरच्यासारखी वाटेल. कारण ते पोपट आपलेच आहेत. गळ्याभोवती गुलाबी-काळी रेघ, लाल चोच, लांब शेपटी, तोच आपला राघू.

ते तिथे कसे आले याच्या दंतकथा भारी आहेत. एक म्हणते, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने साठच्या दशकात कार्नाबी स्ट्रीटवर पोपटांची जोडी सोडली. दुसरी म्हणते, १९५१ च्या 'द आफ्रिकन क्वीन' या सिनेमासाठी लंडनजवळच्या स्टुडिओत आणलेले पोपट निसटले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. गुन्हेगार कुठे राहत असावा हे घटनांच्या नकाशावरून शोधायची जी पद्धत पोलीस वापरतात, ती त्यांनी पोपट दिसल्याच्या जुन्या नोंदींना लावली. २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षात कार्नाबी स्ट्रीट आणि सिनेमा, दोन्ही कथा निकालात निघाल्या. नोंदी एका जागेकडे बोट दाखवत नव्हत्या. अनेक वर्षं, अनेक घरांमधून एक-दोन, एक-दोन पक्षी उडत गेले किंवा सोडले गेले, हाच त्याचा अर्थ.

सोडले का गेले, याचंही एक कारण त्यांना जुन्या वर्तमानपत्रांत सापडलं. १९२९-३० च्या सुमारास आणि पुन्हा १९५२ साली 'पॅरट फीवर' म्हणजे पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या बातम्यांनी घबराट उडवली होती. घाबरलेल्या लोकांना पक्षी मारवेना, मग त्यांनी खिडकी उघडली असावी.

१९६९ पासून इंग्लंडमध्ये हे पोपट मोकळ्यावर नियमित पिल्लं घालू लागले. ब्रुसेल्समध्ये तर १९७४ साली एका मनोरंजन उद्यानाने शहराला रंग यावा म्हणून सुमारे चाळीस पोपट मुद्दाम सोडले. आज तिथे त्यांची संख्या हजारोंत आहे.

राघू टिकला, बजी का नाही?

केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातल्या या पोपटांचा डीएनए तपासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार युरोपातल्या राघूंचे पूर्वज मुख्यतः आजच्या पाकिस्तानातून आणि उत्तर भारतातून गेलेले होते. या भागात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. म्हणजे थंडी सोसायची सवय त्यांना आधीपासून होती.

दुसरं म्हणजे, यातले कितीतरी पक्षी पिंजऱ्यात जन्मलेले नव्हते. ते रानातून पकडून नेलेले होते. खाणं कसं शोधायचं, ढोलीत घरटं कसं करायचं, शिकाऱ्यापासून कसं वाचायचं हे त्यांना येत होतं. तिसरं, ते फार मोठ्या संख्येने नेले गेले. १९८४ ते २००७ या काळात युरोपात या एका जातीचे १ लाख ४० हजारांहून अधिक पक्षी आयात झाल्याची नोंद आहे. एवढ्या पक्ष्यांमधून थोडे जरी सुटले तरी त्यांना जोडीदार मिळतो. आणि चौथं, शहरातल्या बागा आणि लोकांनी बाहेर टांगलेले दाण्याचे डबे यांनी हिवाळ्यातलं जेवण सोपं केलं.

बजीची कहाणी उलटी झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यात सुटलेल्या बजींची वसाहत वाढली, १९८० च्या सुमारास हजारो पक्षी झाले. त्यानंतर ती कोसळली. घरट्यांच्या जागांसाठी चिमण्या आणि स्टार्लिंग यांच्याशी झालेली स्पर्धा हे त्याचं एक कारण मानलं जातं. आता ती वसाहत जवळजवळ संपल्यात जमा आहे.

आणि जिथे राघू टिकला, तिथे स्थानिकांची पंचाईत झाली. तो ढोलीत राहतो आणि ढोल्या मोजक्याच असतात. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका बागेत मोठ्या जातीची दुर्मीळ वटवाघळं झाडांच्या ढोल्यांमध्ये राहतात. राघूंनी त्यांच्यावर हल्ले करून ढोल्या बळकावल्या, त्यात वटवाघळं मेली आणि वस्ती मोठ्या प्रमाणात घटली, असं २०१८ च्या अभ्यासात नोंदवलंय. म्हणजे पक्षी मेला तर त्याचं नुकसान, आणि टिकला तर दुसऱ्याचं.

"मोकळा झाला बिचारा" यात किती तथ्य?

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातलं फ्लॅको नावाचं घुबड सोशल मीडियावर अनेकांनी पाहिलं असेल. २ फेब्रुवारी २०२३ ला कुणीतरी त्याच्या पिंजऱ्याची जाळी कापली आणि आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेला फ्लॅको बाहेर पडला. तो काही दिवसांत मरेल अशी भीती होती. पण घुबड शिकारी, त्याने उंदीर पकडायला सुरुवात केली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याला पुन्हा पकडू नका म्हणून मागणी झाली, आणि पकडायचे प्रयत्न थांबले.

२३ फेब्रुवारी २०२४ ला तो एका इमारतीजवळ जखमी सापडला आणि मेला. तपासणीत त्याच्या शरीरात उंदीर मारायच्या विषाचं जीवघेणं प्रमाण आणि कबुतरांपासून होणारा गंभीर संसर्ग आढळला. म्हणजे त्याला जगवणारे उंदीर आणि कबुतरंच त्याच्या जिवावर उठली. एक वर्ष तो मोकळा जगला हेही खरं, आणि ते मोकळेपण त्याला महागात पडलं हेही खरं.

फ्लॅको निदान शिकारी तरी होता. बजी किंवा कॉकाटील यांच्याकडे तेवढंही नसतं. म्हणून दया आली किंवा सांभाळायचा कंटाळा आला म्हणून असे पक्षी सोडून देणं म्हणजे त्यांची सुटका होत नाही. सांभाळणं शक्य नसेल तर दुसरा जाणकार पाळणारा किंवा प्राणीसंस्था शोधणं हाच मार्ग.

आणि उडालेला पक्षी आपला राघूच असेल तर?

इथे गोष्ट बदलते. राघू, राजपोपट, टुईया हे आपल्याकडचे पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, पोपट या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत येतात. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर तर १९९०-९१ पासून बंदी आहे. "आजोबांच्या काळापासून आमच्याकडे पोपट आहे" हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. राघू उडाल्याचा मेसेज फोटोसह ग्रुपवर टाकणारा माणूस खरं तर स्वतःविरुद्धचा पुरावाच टाकत असतो. त्याचा दोनदा पोपट होतो.

बजी, कॉकाटील, लव्हबर्ड यांसारखे परदेशी पक्षी पाळता येतात. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्यूर अशा ज्या जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर करावी लागते. बजी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड त्या करारात नाहीत.

पण देशी पोपट घरात असेल तर कायद्याच्या भीतीने रातोरात खिडकी उघडणं हेही चूकच. पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातून खाल्लेला राघू जन्माने रानातला असला तरी सवयीने घरातलाच असतो. त्याच्या पंखात ताकद नसते आणि तो माणसाला घाबरत नाही. त्याला वनविभागाकडे सोपवलं तर उपचार केंद्रात तपासणी होते, उडायचा सराव होतो, इतर पोपटांची सोबत मिळते आणि सक्षम असेल तर सोडलं जातं. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन आहे.

अनोळखी पक्षी तुमच्या खिडकीत आला तर हेच लक्षात ठेवायचं. माणसाला न घाबरणारा, दमलेला रंगीत पक्षी दिसला तर पंखा बंद करावा आणि खिडक्या लावाव्यात. हळूच टॉवेल टाकून त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं. उथळ वाटीत पाणी आणि बाजरी किंवा राळा द्यावा. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो देऊ नये, ते पक्ष्यांना विषारी असतात. विदेशी पक्षी असेल तर ग्रुपवर विचारावं, पायातली कडी बघावी आणि पशुवैद्याला दाखवावं. देशी असेल तर १९२६ ला फोन करावा. "दारात आला, आता आमचाच" असं मात्र होत नाही.

शेवटी दाराची गोष्ट

हे सगळं टाळायला लागतं फार थोडं. सरकत्या दाराला एक छोटा चाप किंवा कागदाला लावायची मोठी क्लिप. दाण्याच्या खिडकीला तार. पक्षी बाहेर काढायच्या आधी "खिडकी, दार, पंखा" असं घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची सवय. गॅलरीच्या जाळीची दर महिन्याला तपासणी. रात्री कॉकाटीलच्या पिंजऱ्याजवळ एक मंद दिवा. आणि खांद्यावरच्या पक्ष्याला घेऊन गच्चीत फिरायची हौस कायमची बंद.

तरीही एखाद्या दिवशी दार उघडं राहतं. तेव्हा तो येईल म्हणून वाट बघत बसू नये, आणि मोकळा झाला म्हणून मनाची समजूतही घालू नये. त्याला घरचा रस्ता माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणून शोधायला तुम्हीच निघायचं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पिंजरा घेऊन त्या झाडाखाली उभं राहायचं.